कोपरापासून चार बोटं

सैन्याच्या कॅम्पाच्या मोठ्या फाटकासमोर माझं दुकान होतं. गणवेश शिवून आणि दुरुस्त करून मिळतील, अशी पाटी. पुढच्या भागात माझं मशीन, कापायचं टेबल आणि इस्त्री. मधे एक जाड पडदा, आणि पडद्यामागे माझा मोठा भाऊ जवानांच्या दंडावर गोंदायचा. जवान मला कात्रीताई म्हणायचे. हातात कायम कात्री असते म्हणून, असं ते तोंडावर सांगत. कात्री हातात नाही, तोंडात असते म्हणून, हे मला ठाऊक होतं. भावाला ते उस्ताद म्हणायचे आणि त्यात काही थट्टा नव्हती.

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणी मला गोड स्वभावाची म्हटलं तर त्याने मला दुसऱ्या कुणाशी तरी गल्लत केली आहे असं समजावं. एका माणसावर मी एकोणीस वर्षं दात ओठ खाल्ले. हे ज्याचं आयुष्य सांगते आहे तो माझा दादा. राग मात्र सगळा माझा आहे, त्याने तो कधी केलाच नाही.

दादा कॅम्पात कवायत शिकवायचा. हजारभर पोरं त्याच्या हाताखालून गेली असतील. घरून पाय ओढत आलेलं पोरगं तीन महिन्यांत असं चालायला लागायचं की त्याच्या आईनेही ओळखू नये. ओरडायचा कमी. स्वतः करून दाखवायचा. त्याचा सलाम बघायला म्हणे वरचे अधिकारीही क्षणभर थांबायचे. हात कपाळाशी जायचा तो झटक्याने, आणि तिथे पोचला की जणू तो तिथेच घडवला होता असा उभा राहायचा.

मी तेव्हा नुकतीच शिवणकाम शिकले होते. माझ्या हातचा पहिला पुरा गणवेश दादाचा. खांदे झकास बसले होते. ‘बहिणीनं शिवलाय,’ असं तो न विचारता सांगत सुटायचा.

दादाचा एक जोडीदार होता. दोघे एकाच दिवशी भरती झाले, खाटा शेजारी शेजारी. माझं लग्न त्याच्याशी ठरलं होतं. दादाने ठरवलं, असं घरी सगळे समजत. खरं म्हणजे आम्ही दोघांनी आधी ठरवलं आणि मग दादाला ते सुचू दिलं. त्या वर्षी मोठा पूर आला. अडकलेली माणसं काढायला जवानांना पाठवलं होतं, आणि ह्यांची होडी उलटली. त्याने दादाला एका झाडाच्या फांदीकडे ढकललं. दादाच्या हाताला फांदी लागली, त्याच्या हाताला लागली नाही. तिसऱ्या दिवशी तो सापडला.

कॅम्पात एक रीत आहे. जवान गेला की त्याचा नंबर बंद करतात, पुन्हा कुणाला देत नाहीत. म्हणजे सकाळच्या हजेरीत त्याच्या आधीचा नंबर पुकारतात, मग थेट त्याच्या नंतरचा. मधे कुणी थांबत नाही. दादाला ती उडी रोज ऐकावी लागायची. त्याने महिनाभर ऐकली आणि मग तो सहा आकडी नंबर स्वतःच्या उजव्या दंडावर गोंदवून घेतला. खांद्याकडून खाली एकेक आकडा, सगळ्यात शेवटी सात. घरी येऊन त्याने मला बाही वर करून दाखवलं. मी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. माझ्याकडे त्याचा एक फोटो होता आणि हे.

आता नियम ऐका, म्हणजे पुढचं कळेल. गोंदवायला बंदी नाही, पण गणवेश घातल्यावर गोंदण दिसता कामा नये. उन्हाळी शर्टाची बाही कोपराच्या हाडापासून चार बोटं वर संपते. त्याच्या आत कुणी काय वाटेल ते गोंदवावं. दादा नियमाचा पक्का. त्याने गोंदणाऱ्याकडून मोजून घेतलं होतं. सात हा आकडा बाहीच्या आत चांगला एक बोट होता.

मग तपासणीचा दिवस आला. नवा कॅप्टन आला होता. त्याच्या कपड्यांना इतकी धारदार इस्त्री असायची की जवानांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव इस्त्री ठेवलं. हा इस्त्री रांगेतून चालत दादासमोर आला. दादाने सलाम ठोकला. हात वर गेला, बाही मागे सरकली आणि सात बाहेर आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्याने मोजपट्टी मागवली. हात खाली, गोंदण झाकलेलं. सलाम, गोंदण उघडं. रांगेसमोर त्याने दादाला तीनदा सलाम करायला लावला आणि तिन्ही वेळा सात दिसला. ‘काही म्हणायचंय?’ असं विचारलं. दादा काहीच बोलला नाही. तेव्हा तो का गप्प बसला, हा राग मी कित्येक वर्षं धरला होता.

त्या महिन्यात दादाला बढती मिळायची होती. अधिकारी घडवतात त्या शाळेत तो कवायत शिकवणार होता. इस्त्रीने त्याच्या कागदावर एक ओळ लिहिली: ‘दर्शनी गोंदण. हुद्द्याला शोभत नाही.’ तीन महिन्यांत काढून टाका, मग पाहू, असं सांगितलं. ज्याच्यामुळे दादा जिवंत उभा होता त्याचा नंबर म्हणे हुद्द्याला शोभत नाही.

दादाने काढायचं ठरवलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. बाजारात एक जण होता, कसलंसं औषध लावून कातडी सोलायचा. जखम चिघळली. ती दंडावरून खाली उतरत कोपराच्या खळीत गेली. सहा आठवडे मी पट्ट्या बदलल्या, उकळून वाळत घातल्या. भरली तेव्हा कातडी आक्रसून दोरीसारखी ताठ झाली होती. कोपर अर्धवट वाकायचं आणि तिथेच अडायचं. सलाम करायला गेला की हात कपाळाच्या अलीकडे दोन बोटं थांबायचा. डॉक्टरांच्या मंडळापुढे इस्त्री म्हणाला, ‘ज्याचा सलाम पुरा होत नाही तो सलाम शिकवणार कसा?’ म्हणणं बरोबर होतं, तेच तर जास्त झोंबलं. दादाला घरी पाठवलं.

इस्त्रीची बदली व्हायला दोन महिने होते. मी दादाची बहीण हे त्याला माहीत नव्हतं, त्याचे कपडे माझ्याचकडे यायचे. मी त्याच्या परेडच्या शर्टाची कॉलर अर्धं बोट आत घेतली. दोन तासांच्या परेडमध्ये त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता, असं जवानांनी येऊन सांगितलं. दुसऱ्यांदा मी पँटीला एकाशेजारी एक अशा दोन रेघा पाडल्या, आणि इस्त्रीला स्वतःच्याच इस्त्रीवरून वरिष्ठांची बोलणी खावी लागली. मला बरं वाटलं, पण ते बरं संध्याकाळपर्यंतही टिकत नसे.

दादा सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग एक दिवस ज्याने त्याचा नंबर गोंदला होता त्या म्हाताऱ्याकडे गेला आणि म्हणाला, मला शिकवा. कोपर जेवढं वाकत होतं तेवढं गोंदायला पुरत होतं. वर्षभराने त्याने माझ्या दुकानात पडदा लावला.

त्याची एक पद्धत होती आणि ती त्याने कधी मोडली नाही. गिऱ्हाईक आलं की आधी गणवेशाचा शर्ट घालायला लावायचा. मग म्हणायचा, ‘सलाम कर.’ पोरगं सलाम करून उभं राहिलं की बाही जिथे थांबेल तिथे पेनाने रेघ, आणि तिच्या वर एक बोट सोडून काम सुरू. कुणी घाई केली, खाली अजून जागा आहे म्हणालं, तर त्याला तो शर्ट काढून घरी जायला सांगायचा. सतरा वर्षांत त्याच्या हातचं गोंदण एकाही तपासणीत सापडलं नाही. कुणाची आई, कुणाची पहिली तुकडी, कुणाचा बंद झालेला नंबर. अर्धा कॅम्प कपड्यांच्या आत दादाने लिहिलेला होता.

मीही त्याच सुमारास परेडच्या शर्टाला बगलेत एक लहानसा चौकोनी तुकडा जोडायला लागले होते. तो असला की हात वर गेला तरी बाही जागची फारशी हलत नाही. नसला की बगलेची शिवण ओढ खाते आणि बाही तीन बोटं मागे पळते. दादाच्या रेघेला माझा तुकडा, असं आमचं चालायचं. हे कसं सुचलं असं कुणी विचारलं तर मी म्हणायचे, अनुभव. पुढे काही विचारू द्यायचे नाही.

गेल्या वर्षी इस्त्री परत आला. आता कर्नल, आणि ह्याच कॅम्पातल्या प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख. मोटार दुकानासमोरून गेली तेव्हा मी शर्टाला काज करत होते. सुई बोटात गेली. दादाला सांगितलं तर म्हणाला, ‘बरं. आता दोऱ्याला रक्त लागलंय, तो बदल.’

दोन महिन्यांनी एक मुलगी आली. अधिकारी होण्याचं प्रशिक्षण घेत होती, शेवटची परेड आठ दिवसांवर. उंच, सावळी, बोलायला मोकळी. परेडचा शर्ट माझ्याच दुकानातून गठ्ठ्याने गेलेल्यांपैकी, तो कमरेत सैल होतो म्हणाली, आणि उस्तादांकडे गोंदवायचंही होतं. शर्ट टेबलावर पसरला तर छातीवरच्या पट्टीवर आडनाव. ते आडनाव मी झोपेतही वाचलं असतं.

‘कर्नलसाहेब तुमचे कोण?’ मी विचारलं.

‘वडील,’ ती म्हणाली. ‘पण इथं सगळ्यांसारखंच वागवतात हं. थोडं जास्तच कडक.’

‘आणि गोंदवायचं काय?’

तिने पाकिटातून एक जुनं पत्र काढलं. पत्राच्या शेवटी सही होती, ‘आई’. दोनच अक्षरं, घाईघाईने लिहिलेली, ‘ई’चा फराटा लांब खाली ओढलेला.

‘मागच्या वर्षी गेली. परेडला ती बरोबर असावी एवढंच. बाबांना सांगितलं नाही अजून. बाहीच्या आत असलं की चालतं ना?’

‘चालतं की,’ मी म्हटलं.

तिला पडद्याच्या अलीकडे बाकावर बसवलं आणि मी आत गेले. दादा सुया उकळत होता. मी हळूच म्हटलं, ‘इस्त्रीची मुलगी आहे.’

‘मग?’

‘मग काय मग? ह्या एकीला सलाम करायला लावू नकोस. हात खाली सोडून रेघ मार. परेडला तिला बापासमोरच सलाम करायचाय. मला दुसरं काही नको, दादा. त्याने स्वतःच्या हाताने ती ओळ पोरीच्या कागदावर लिहावी.’

दादाने चिमट्याने सुई उचलली, उजेडात धरली. ‘गिऱ्हाइकाचा हात आहे तो. तुझा नाही, माझा नाही, त्याचाही नाही.’

‘आणि तुझा हात कुणाचा होता?’

त्याने सुई खाली ठेवली. मुलीला हाक मारली, शर्ट घालायला लावला, म्हणाला, ‘सलाम कर.’ मी पडद्याच्या फटीतून बघत होते. रेघ मारली, वर एक बोट सोडलं. ‘ई’चा फराटा त्याने मुळाहून थोडा आखूड केला आणि तो का केला हे तिला समजावून सांगितलं. त्या बापाच्या मुलीवर त्याने इतकं सुरेख काम केलं की मला त्याचाही राग आला.

शर्ट माझ्याकडे होता, कमरेत बारीक करायला. तुम्हाला वाटेल मी चोरून काही केलं. नाही. भर दुपारी, दार सताड उघडं, समोर फाटकावर पहारेकरी उभा. मी कमर बारीक केली. मग शर्ट उलटा केला, उजव्या बगलेतला चौकोनी तुकडा उसवून काढला आणि शिवण घट्ट ओढून बंद केली. हात खाली असताना बाही कोपरापासून बरोब्बर चार बोटं वर. वाटलं तर कुणीही मोजून बघावं.  मुलीचा विचार मनात आला का? आला. मी तो तुकड्याबरोबर चिंध्यांच्या टोपलीत टाकला.

माझा हिशोब सोपा होता. त्याने बघूनही न बघितल्यासारखं केलं, तर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी फाटकात उभी राहून साऱ्या कॅम्पाला ऐकवणार होते. आणि लिहिलं, तर स्वतःच्या काळजावर लिहील. दोन्हीकडून जीत माझीच.

परेडला घरच्या लोकांसाठी मैदानाकडेला बाकं असतात. ओळखीच्या एका जवानाने मला तिथे बसवलं. एकेक जण पुढे जायचा, सलाम करायचा, कर्नल तबकातून बिल्ला उचलून त्याच्या खांद्यावर लावायचा. तिची पाळी आली. पाऊल छान टाकत गेली, दादानेच शिकवल्यासारखी. सलाम केला. बाही मागे सरकली आणि ‘आई’ ही दोन अक्षरं उन्हात आली.

इस्त्रीच्या हातात बिल्ला होता. मी त्याचे डोळे बघत होते. ते बाहीवर गेले आणि तिथेच राहिले, कारण ती सही त्याने माझ्याहून जास्त वेळा वाचलेली असणार. मला वाटलं आता तो बिल्ला लावेल. मी बाकावरून अर्धी उठलेसुद्धा. त्याने सलामाचं उत्तर दिलं, बिल्ला परत तबकात ठेवला आणि शेजारच्या अधिकाऱ्याला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. मुलगी तशीच मागे वळून रांगेत गेली. माझ्या पलीकडे बसलेल्या बाईने विचारलं, ‘काय झालं हो तिचं?’ मी म्हटलं, ‘काय की.’

घरी येऊन मी पोटभर जेवले. हे लपवत नाही. एकोणीस वर्षांत इतकं चवीने जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तोच ती आली, शर्ट हातात घेऊन. रडलेली होती, पण काल. आता डोळे कोरडे होते. म्हणाली, ‘उस्ताद, दर्शनी गोंदण, हुद्द्याला शोभत नाही, असं लिहिलंय. तीन महिन्यांत काढलं तर बिल्ला मिळेल. औषध लावून काढणारे कुठे बसतात?’

‘कुणी लिहिलं?’

‘बाबांनी. रात्री जेवले नाहीत, बोलले नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले की माणसाच्या आधी गणवेश दिसला पाहिजे. एकाला सूट दिली की नियम उरत नाही. आणि तू माझी आहेस म्हणून तर मुळीच नाही.’

म्हणजे त्याने आमच्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक असा नियम ठेवला नव्हता. मी त्याला लबाड समजून एकोणीस वर्षं पोसलेला राग असा तोंडघशी पडेल असं मला वाटलं नव्हतं.

दादाने तिच्यासमोर स्वतःची बाही वर केली. घरी परतल्यापासून मला सोडून त्याने तो हात कुणाला दाखवला नव्हता. कोपराच्या खळीपर्यंत उतरलेली ती चकचकीत, आक्रसलेली कातडी तिने पाहिली आणि तिचा स्वतःचा हात आपोआप दंडावर गेला.

‘काढायचं नाही,’ दादा म्हणाला. ‘माझी रेघ चुकलेली नाही. शर्ट दे.’

त्याने शर्ट उलटा केला. मी मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते. तो कंबर बघेल, बाही बघेल असं वाटत होतं. त्याने थेट उजवी बगल उघडली. उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं तिथे अजून होती. त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे एकदा बघितलं. मुलीला म्हणाला, ‘साहेबांची उद्या सकाळची वेळ माग. आम्ही दोघं येतो. दुसरा एक शर्ट बरोबर आण.’

ती गेल्यावर मी म्हटलं, ‘मी येणार नाही. त्याच्यापुढे मी मान खाली घालणार नाही. मला फाशी दे हवं तर.’

दादा सुया उकळायला ठेवत होता. पाठमोराच म्हणाला, ‘तेव्हाही बाही तुझीच होती.’

मी चिंध्यांची टोपली पायाने टेबलाखाली सरकवली.

‘त्याने विचारलं, काही म्हणायचंय? काय म्हणणार होतो? शर्ट कच्चा शिवलाय, बहिणीनं शिवलाय?’ त्याने स्टोव्हची ज्योत कमी केली. ‘नवी होतीस. हाताला नीट बसलं नव्हतं अजून. ते चुकून होतं. हे तू जाणूनबुजून केलंस.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर एकोणीस वर्षं वळसा घालत होते, आणि कळसा कुठे आहे हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. नाहीतर तो चौकोनी तुकडा मला सुचला कसा? मी इस्त्रीवर एवढा राग धरला, कारण तो त्याच्यावरून हलवला असता तर दुसरी जागा एकच होती. पण त्यासाठी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये.

कर्नलच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नकाशा. टेबलावर कागद चौकोनात रचलेले. मुलगी भिंतीशी सावधान उभी. साध्या कपड्यात सलाम करायचा नसतो, हे दादाइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी आत पाऊल टाकताच त्याने टाच जुळवली आणि हात वर नेला. हात नेहमीसारखा कपाळाच्या अलीकडे दोन बोटं अडला.

इस्त्री थबकला. हा कोण, हे त्याला कळलं नव्हतं.

मी बोलून टाकलं. शर्ट टेबलावर ठेवला, बगल उघडून दाखवली, तुकडा कुठे होता, मी तो कधी आणि का काढला ते सांगितलं. का, हे सांगताना माझा आवाज चढला असेल. त्याने मधे तोंड घातलं नाही. मोजपट्टी काढून बाही मोजली. मुलीला शेजारच्या खोलीत पाठवून दुसरा शर्ट घालायला लावला, हात खाली, मोजलं, सलाम, मोजलं. गोंदण दिसलं नाही. तिसऱ्यांदाही दिसलं नाही. त्याने परेडच्या दिवशीचा कागद ओढला आणि त्या ओळीखाली लिहिलं, ‘तपासले. गोंदण दर्शनी नाही. दोष शर्टाचा.’ खाली सही केली.

एवढा वेळ दादाचा हात वरच होता. 

‘हात खाली घ्या,’ इस्त्री म्हणाला.

‘सलामाचं उत्तर मिळाल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो, साहेब.’

‘मग पुरा करा सलाम.’

‘एवढाच होतो.’

‘का?’

‘दर्शनी गोंदण,’ दादा म्हणाला. ‘हुद्द्याला शोभत नाही.’

इस्त्रीने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. मग दादाकडे, मग पुन्हा कागदाकडे. त्याने ती ओळ ओळखली, माणूस ओळखला नाही. कितीदा लिहिली असेल कोण जाणे. ‘कोणत्या साली?’ असं त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा कपड्यांसारखा सरळ नव्हता. दादाने साल सांगितलं. तरी त्याला आठवलं नाही. मुलगी आमच्याकडे न बघता बापाकडे बघत होती.

तो उठला. टेबलाच्या ह्या बाजूला आला. त्याने टाच जुळवली आणि सलाम केला, पुरा. दादाचा हात खाली आल्यावरही त्याचा कपाळाशीच होता. मला वाटलं होतं की असं काही झालं तर माझं काळीज थंड होईल. नाही झालं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो नाहीच जात.

मुलीला तिचा बिल्ला त्याच आठवड्यात मिळाला. कॅम्पासमोर दुकान चालवायचा माझा परवाना काढून घेतला, तोही त्याच आठवड्यात, त्याच सहीने. त्यात त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. म्हणायचं तर खूप आहे.

आता मी गावात दुकान टाकून शाळांचे गणवेश शिवते. पडदा तिथेही आहे, जवान रजेच्या दिवशी तेवढे चालत येतात, दादासाठी. पहिले दोन महिने दादा माझ्याशी कामापुरतंच बोलला. सुई दे, पाणी दे. मी शर्टांना बटणं लावत होते आणि तो मागे बसलेला असायचा, आणि त्याने एकोणीस वर्षं हे पोटात ठेवलं, हेच मला सगळ्यात जास्त टोचत होतं. रागावला असता तर बरं झालं असतं.

एका दुपारी मी मशीन थांबवलं, पडदा बाजूला केला आणि त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसले. बाही कोपरापर्यंत वर केली.

‘काय?’ तो म्हणाला.

‘तो नंबर.’

त्याने माझा हात उजेडाकडे वळवला. ‘कुठे?’

‘मनगटाच्या वर. दिसेल तिथे.’

त्याने पेन उचललं. सवयीने तोंडातून निघालं, ‘सलाम कर.’ मग स्वतःच थांबला. म्हणाला, ‘कात्री धर.’

मी टेबलावरची मोठी कात्री आणली आणि कापड कापताना धरते तशी धरली. त्याने माझा हात सरळ केला, रेघ मारली, एक बोट सोडलं. आकडे मी सांगितले नाहीत. त्याने विचारले नाहीत.